स्कूबा पहिल्यांदाच: कान, चष्मा आणि परतीचं विमान

प्रश्न: नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा करायचा बेत आहे. मला पोहता येत नाही, शिवाय स्विमिंग टँकच्या तळाशी गेलं तरी कान दुखतात. जमेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: पोहता येत नसलं तरी चालतं, पहिल्या डाइव्हला प्रशिक्षक सिलिंडर धरून तुम्हाला सोबत नेतो. महिनाही चांगला निवडलात, पावसाळ्यानंतर पाणी निवळलेलं असतं. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा कानाचं ऑपरेशन असेल तर फॉर्मवर लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

कानांचं मात्र नीट समजून घ्या. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, पण त्या मानाने सर्वांत झपाट्याने बदल होतो तो वरच्या दोन-तीन मीटरांतच. बहुतेकांचे कान तिथेच दुखतात. उपाय सोपा आहे: रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारं उपकरण) तोंडात तसाच ठेवा, मास्कवरून नाक चिमटीत धरा आणि बंद नाकातून हलकेच फुंका. कानात ‘टक्’ झालं की काम झालं. सुरुवात पाण्याच्या वरच करा, मग दर अर्ध्या मीटरला, दुखायच्या आधीच. दुखू लागल्यावर जोर लावून फुंकलं तर कानालाच इजा होते, कारण कान आणि घसा जोडणारी नळी दाबाने मिटलेली असते. अशा वेळी हात आडवा धरून हलवा, कानाकडे बोट करा आणि मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न करा. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकला. गोळी घेऊन उतरलात आणि खाली असताना तिचा असर संपला, तर वर येताना कान अडकतात.

श्वास कधीही रोखू नका, वर येताना तर नाहीच: छातीतली हवा फुगून फुफ्फुसाला इजा होते. आणि हो, पाण्याखाली अंगठा वर करून दाखवला तर त्याचा अर्थ ‘मस्त’ नाही, ‘वर चला’ असा होतो! मस्तसाठी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करा.

प्रश्न: चष्मा उणे चारचा, त्यात झुपकेदार मिशा. मास्कमध्ये पाणी शिरेल ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: मिशांमुळे थोडं शिरेल, ते काढता आलं की झालं. मास्कची वरची कड कपाळाशी दाबा, मान किंचित वर करा आणि नाकातून सावकाश हवा सोडा. पाणी खालून निघून जातं. कमरेइतक्या पाण्यात दोन-तीनदा करून पाहा. पट्टा करकचून आवळू नका, रबराची कड दुमडते आणि जास्तच गळतं. कडेखाली केस अडकलेत का तेही बघा. चष्मा आत घालता येत नाही. नंबरचा मास्क आहे का ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

प्रश्न: सकाळी डाइव्ह करून संध्याकाळी मोपाहून विमान पकडलं तर? (एक वाचिका, पुणे)

उत्तर: नको. दाबाखाली रक्तात आणि पेशींत विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी उंचीवर गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त केल्या असतील तर १८ तास थांबतात. आंबोली घाटाचा माथाही सुमारे ६९० मीटर उंच आहे, तेव्हा गाडीने परतणाऱ्या सांगलीकरांनीही ती रात्र किनाऱ्यालाच काढावी. डाइव्ह पहिल्या दिवशी ठेवा, शेवटचा दिवस सुरमईला.