बक्षीस गुणांवर नको, अभ्यासावर ठेवा

चोपडा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला. '९० टक्के पाड, मोटारसायकल घेऊन देतो' असं त्यांनी कबूल केलं. सुरुवातीला पोरगा जोरात होता, आता सहामाहीचे पेपरही दाखवत नाही. बक्षीस आणखी वाढवू का, असं ते विचारतात.

भाऊ, वाढवू नका. आणि पोरगं वाया गेलं असंही धरू नका. तुमच्याकडे कापूस वेचणी किलोवर असते. हात जितका चालेल तितके पैसे, हे वेचणाऱ्या बाईला पक्कं ठाऊक असतं, म्हणून ओझं वाढतं. तुमच्या मुलाला मात्र आज रात्री नेमकं काय केलं म्हणजे ९० टक्के पडतील, तेच उमगत नाही. सहामाहीत कमी पडले, गाडी गेली असं त्यानं मनात घेतलं असणार.

रोलंड फ्रायर या अर्थतज्ज्ञानं अमेरिकेतल्या शाळांत मुलांना पैसे देऊन हेच तपासलं आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांवर पैसे ठेवले, फरक पडला नाही. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून त्यावरची छोटी चाचणी पास केली की २ डॉलर मिळायचे. त्यांचं वाचन सुधारलं.

तेव्हा एक धडा झाला, त्यातली गणितं त्यानं तुमच्यासमोर सोडवली, की त्याच आठवड्यात काहीतरी द्या. तासांवर मात्र लावू नका. किलोच्या वेचणीत वजन भरायला पाला आणि कवडी, म्हणजे किडका कापूसही येतो, तसं नुसतं पुस्तक उघडं ठेवून बसणं वाट्याला येईल. मोटारसायकलचा शब्द मोडू नका, फक्त रोज काढू नका.

मला जास्त मोलाचं वाटलं ते तुम्ही ओझरतं लिहिलंय. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारींचे स्टार्टर तो आपणहून दुरुस्त करतो, आणि हल्ली तुम्ही त्याचेही दर खेपेला शंभर रुपये देता. ते थांबवा. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगात, आवडीनं चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं. पुढे बक्षीस नसताना ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. त्यापेक्षा त्याच्याजवळ बसून विचारा, बिघाड कसा शोधलास?

या मुलाचा कल मला इलेक्ट्रिकलकडे दिसतो. बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, तिथून पुढे डिग्रीलाही जाता येतं. जळगाव आणि धुळ्याला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. निकालाची वाट न बघता त्याला एकदा तिथलं वर्कशॉप दाखवून आणा.