वर्ख काळा का पडतो?

प्रश्न: मालवणच्या किनाऱ्यावरून दिसणारा सिंधुदुर्ग किल्ला पेन्सिलने काढला, संध्याकाळच्या पाण्यावर सोनेरी वर्ख लावला. पावसाळ्यानंतर त्यावर हिरवट-काळे डाग आलेत. काय करावं?

उत्तर: तुमचा वर्ख बहुतेक खऱ्या सोन्याचा नसणार, स्वस्तातला सोनेरी वर्ख म्हणजे पितळ (तांबं आणि जस्त यांचं मिश्रण), आणि आपल्याकडची खारी दमट हवा त्याला अजिबात मानवत नाही, त्यात बोटांचा घाम लागला की तिथे नेमका ठसा काळा पडतो. आलेले डाग जात नाहीत, घासू तर मुळीच नका, वर्ख इतका पातळ असतो की खालचा कागदच दिसायला लागेल. तेवढ्या भागावर नवीन तुकडा लावा.

पुढच्या वेळी आधी पेन्सिलकाम पूर्ण करून फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे) मारा, नाहीतर गोंदाच्या ब्रशने तटबंदीचं सगळं शेडिंग फिसकटतं. मग गोंद लावून तो चिकट होईपर्यंत थांबा, वर्ख ठेवा, मऊ ब्रशने जादा झटका आणि फक्त वर्खावर व्हार्निश द्या. चंदेरी पाणी हवं असेल तर ॲल्युमिनियमचा वर्ख घ्या, चांदी काळवंडते. आणि खरं सांगू, सगळं पाणी सोनेरी करू नका, उन्हाची एक पट्टी पुरे, बाकी ६बी या मऊ, गडद पेन्सिलच्या करड्या छटांनाच काम करू दे.