‘नाट्यगीतं लाव’ म्हटलं की तीच पाच पदं

गणपतीत चवथीला घरी आलेली मुलं परत जाताना आईबाबांच्या फोनवर काहीतरी जोडून देऊन गेली आहेत, असं या महिन्याच्या पत्रांवरून दिसतं. निम्मे प्रश्न फोनशी बोलून गाणी ऐकण्याचे आहेत. गाडीत बसायच्या घाईत ‘आई, नुसतं बोल, तो लावतो’ एवढंच शिकवून गेली असणार. आमचं म्हापशाला कॅसेटचं दुकान होतं आणि गल्ल्यावर बावीस वर्षं मी बसायची, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे आले असावेत. तेव्हा या खेपेला तेवढेच घेते. मिक्सर-फ्रीजवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरावा.

प्रश्न : ताई, मुलाने फोनवर एआय सहायक गाण्याच्या ॲपला जोडून दिला आहे. ‘नाट्यगीतं लाव’ म्हटलं की रोज तीच पाच पदं लागतात. आमच्या गावच्या उत्सवात चाळीस वर्षं मी नाटकांना ऑर्गनची साथ केली, मला शेकडो पदं ठाऊक आहेत. ती यात नाहीत, की मला मागता येत नाहीत? — एक निवृत्त शिक्षक, डिचोली

मास्तर, नुसतं ‘नाट्यगीतं’ म्हटलं असतंत तर माझ्या नवऱ्यानेसुद्धा तीच पाच काढून दिली असती. खपणारा माल हाताशी ठेवायचा, ही दुकानाची रीत. ॲपही तेच करतं. ज्यांनी हे ऐकलं त्यांनी पुढे काय ऐकलं, याचा हिशेब ते ठेवतं आणि त्यावरून तुमच्यापुढे ताट वाढतं. त्यात तुम्ही ते पद शेवटपर्यंत ऐकलंत, की उद्या ते आणखी वर सरकतं. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की गाणं ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. म्हणजे नको असलेलं पद बदलायला तुम्ही चष्मा शोधत बसलात, तरी तुमच्या नावावर एक खूण पडतेच.

दुकानात कसं चालायचं ते सांगते. शुक्रवारच्या बाजाराला आलेला पेडण्याकडचा माणूस नारळांची पिशवी गल्ल्यावर टेकवून म्हणायचा, ‘ती द्या, जत्रेच्या नाटकात म्हणाले ती.’ मी विचारायची, पुरुषाचं की बाईचं? रडायचं की भांडायचं? मुकुट घातलेलं नाटक की कोट घातलेलं? तीन प्रश्नांत कॅसेट हातात यायची. सहायक आपणहून सहसा असं विचारत नाही, हुकूम झाला की लावून मोकळा होतो. म्हणून त्याला आधीच बजावायचं, ‘लावण्याआधी मला तीन प्रश्न विचार.’ हे वाक्य मी स्वतः वापरते. घरच्यांना हसू येतं, पण काम होतं.

दुसरं, मागणी भरघोस करा. मी परवा टाइप केलेलं जसंच्या तसं देते : ‘मराठी संगीत नाटकातली पदं हवीत. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, पण त्यांनी स्वतः गायलेली नकोत. मूळ नाटकातल्या गायकांची हवीत, नव्यांनी पुन्हा म्हटलेली नकोत. एकाच पदाच्या दोन आवृत्त्या नकोत. वीस पुरेत. आधी यादी दाखव, मी हो म्हटल्यावर प्लेलिस्ट कर.’ ‘अभिषेकींनी गायलेली नकोत’ हे मुद्दाम घातलं. ॲपमध्ये संगीतकार आणि गायक यांची नावं बऱ्याचदा एकाच खणात कोंबलेली असतात. 1964 सालच्या ‘मत्स्यगंधा’ नाटकाचं संगीत अभिषेकीबुवांचं आणि त्यातला पराशर गायला तो आपल्या साखळीच्या रामदास कामतांनी. नुसतं ‘अभिषेकी’ म्हटलं तर दोघांची मिसळ पानात येणार. बुवांचा आवाज ऐकायचा आहे की त्यांची चाल, हे आपण सांगायला हवं.

सालाचा भरवसा मात्र धरू नका. ‘1960 ते 1980’ असं सांगून बघितलं तर हाती फार थोडं लागलं. जुनं ध्वनिमुद्रण ज्या संग्रहात नव्याने निघालं त्याचं साल ॲपवर चिकटलेलं असतं. साठच्या दशकातलं पद 2007 चं म्हणून मिरवत असतं आणि सहायक प्रामाणिकपणे त्याला बाहेर ठेवतो. सालाऐवजी नाटकाचं नाव सांगा, नटाचं सांगा.

आता जरा सावध करते. मी एका सहायकाला आधी परीक्षेचा प्रश्न घातला : व्हॉयेजर अंतराळयानांवर कोणाचं गाणं गेलं? पटकन बरोबर सांगितलं. 1977 साली धाडलेल्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांच्या आसपासची. मी खूश झाले. केसरबाई आमच्या केरीच्या, त्यामुळे जरा जास्तच खूश. मग त्याच खुशीत विचारलं, गोव्याच्या गायकांची कमी ऐकलेली दहा नाट्यपदं सांग. दहा आली, नाटक आणि राग यांसकट. त्यातली तीन मी जन्मात ऐकलेली नव्हती. बावीस वर्षांत ज्या नाटकाची कॅसेट कधी आली नाही, असं एक नाटकही त्यात होतं. ॲपमध्ये शोधलं, नाही. जुन्या कॅटलॉगच्या वह्या माळ्यावरून काढल्या, त्यांत नाही. पुन्हा विचारलं तर म्हणतो, क्षमस्व, माझी चूक झाली, आणि लगेच दुसरी तीन दिली. त्यांतही एक बनावट निघालं.

याचं कारण असं. केसरबाईंच्या त्या भैरवीबद्दल जगभर लिहून ठेवलेलं आहे, ते त्याला पाठ आहे. उत्सवी नाटकांतल्या पदांबद्दल लिहिलंय कोणी? जिथे लिहिलेलं नाही तिथे तो शोभेलसं काहीतरी जुळवतो आणि दोन्ही गोष्टी सारख्याच चेहऱ्याने सांगतो. आमच्या दुकानात एक पोरगा कामाला होता तो असाच होता. ‘नाही’ म्हणायची लाज वाटायची त्याला.

म्हणून गप्पा मारणारा सहायक आणि ॲपच्या कपाटात हात घालणारा सहायक हे वेगळे धरा. ऑक्टोबर 2025 मध्ये चॅटजीपीटीला स्पॉटिफाय जोडायची सोय आली. अशी जोडणी केलेली असली की तो कपाटात खरोखर असलेलं गाणं शोधून दाखवतो, त्यावर बोट ठेवलं की वाजतं. जोडणी नसेल तर नुसत्या आठवणीवर बोलतो. यादीतल्या पदावर बोट ठेवून ते वाजलं नाही, तर ते नाहीच असं समजा. जोडताना तो परवानगी मागतो : तुमच्या प्लेलिस्ट बघायची, बदलायची, गाणं चालू-बंद करायची. ती पाटी वाचून मगच हो म्हणा. नको झालं की ॲपच्या खात्यात जाऊन जोडणी काढून टाकता येते. आणि बाहेरच्या सहायकाने स्पॉटिफायवरचं गाणं परस्पर चालू-बंद करायचं, तर पैसे भरलेलं खाते लागतं, हे मुलाला विचारून घ्या.

शेवटचं, तुमच्यासारख्या जाणत्यासाठी. ॲप ऐकणाऱ्यांच्या सवयीवरून चालतं, आपण घराण्यावरून चालतो. केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, मोगूबाईंची मुलगी किशोरीताई आमोणकर. ही वाट सहायकाला सांगितलीत तर तो त्या वाटेने येतो. ‘या तिघींनी गायलेला एकच राग शोध आणि एकापुढे एक लाव’ असं म्हणून बघा. मी नायकी कानडा मागितला होता. तिघींचा मिळाला नाही, पण त्या नादात दोन तास गेले आणि शीत, म्हणजे भात, करपलं.

प्रश्न : मी बोलते ते त्याला कळतच नाही. काही मागावं तर भलतंच लागतं. माझ्या बोलण्यात कोकणी हेल आहे म्हणून असेल का? — एक गृहिणी, सांगे

बाय, हेलाचा दोष कमी, नावांचा जास्त. गूगलचा असिस्टंट 2018 पासून मराठी समजतो, पण वाक्य समजलं तरी आपली आडनावं, गावं त्याच्या कानाला नवीच असतात. तुम्ही सांग्याच्या, म्हणून तुमच्याच तालुक्यातला किस्सा सांगते. साळावलीच्या धरणाखाली गेलेलं कुर्डी गाव उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, ते बघून आम्ही परतत होतो. गाडीतल्या स्पीकरला मी म्हटलं, ‘कुर्डीच्या मोगूबाईंचं गाणं लाव.’ त्याने लावलं कुर्दिस्तानातलं गाणं. तिकडे इराण-इराकच्या डोंगरात गातात ते. नवरा म्हणाला राहू दे, बरं आहे. केप्यापर्यंत तेच ऐकलं. खरंच बरं होतं!

उपाय दोन. नाव बोलण्याऐवजी टाइप करा आणि देवनागरीत मिळालं नाही तर रोमन लिपीत करा, कारण कपाटातल्या बऱ्याच चिठ्ठ्या रोमनमध्येच आहेत. तिथेही एकाच गायकाची स्पेलिंगं दोन-तीन असतात, कुठे एक ‘एच’ जास्त, कुठे शेवटी ‘आय’ऐवजी ‘वाय’. सहायकाला सांगायचं, ‘या नावाची सगळी स्पेलिंगं करून शोध.’ या कामात तो आपल्यापेक्षा हुशार आहे. दुसरा उपाय, एकदा मिळालेली गाणी प्लेलिस्टमध्ये घालून तिला सोपं नाव द्या. मी माझीला ‘दुपार’ म्हणते. ‘दुपार लाव’ म्हटलं की कुर्दिस्तान येत नाही.

प्रश्न : नातवंडं आठवडाभर राहून गेली. आता माझ्या अभंगांच्या मधे बदकांची आणि बसच्या चाकांची गाणी येतात. कशी घालवायची? — फोंड्याच्या एक आजी

स्पॉटिफाय असेल तर मुलांच्या प्लेलिस्टवर ‘तुमच्या आवडीतून वगळा’ अशा अर्थाचा पर्याय आहे, तो दाबा. पुढच्या खेपेला मुलं आली की आधी ‘खासगी सत्र’ सुरू करा, म्हणजे त्या वेळचं ऐकणं तुमच्या आवडीत धरलं जात नाही. सहायकाला नुसतं ‘बदकं नकोत’ सांगून ती कायमची जातील असं नाही, तो तेवढ्यापुरती मान हलवतो. आणि एखादं बदक राहू दे आजी, पुढल्या चवथीपर्यंत सोबत होईल.

प्रश्न : आमचं मूळ घर सत्तरीत आत आहे, तिथे रेंज नाही. आणि नेट किती जळतं? — एक बँक कर्मचारी, पर्वरी

रेंज नाही तिथे सहायकही मुका. निघण्याआधी पर्वरीच्या वायफायवर गाणी उतरवून घ्या, स्पॉटिफायवर त्याला पैसे भरलेलं खातं लागतं. नेटचा हिशेब सोपा आहे : स्पॉटिफायचा साधा दर्जा 96 केबीपीएसचा, म्हणजे तासाला सुमारे 43 एमबी, ‘व्हेरी हाय’ दर्जा 320 चा, म्हणजे तासाला 144 एमबी. जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेल्या गाण्याला 320 लावणं म्हणजे कापडाच्या चपलेला पॉलिश. साधा दर्जा पुरे. ख्याल ऐकणार असाल तर ‘क्रॉसफेड’ बंद ठेवा, नाहीतर एक राग संपतासंपता दुसऱ्याची आलापी त्याच्यावर चढते.

प्रश्न : आमच्या वाड्यावरची घुमट आरती (घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर म्हणतात ती) मी तीन वेगवेगळ्या सहायकांकडे मागितली. एकाने मुंबईची आरती लावली, एकाने ढोल-ताशा, एकाने घुमटावर निबंध वाचून दाखवला. खरी आरती कशी मिळवू? — एक युवक, पेडणे

मिळणार नाही, कारण ती कोणी तिथे ठेवलेलीच नाही. निबंधात बहुधा हे आलं असेल : घुमट 2019 साली गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं, पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झाल्यावर आता बकऱ्याचं लावतात. ठीक आहे, पण निबंधाच्या तालावर कोणी नाचत नाही.

तुम्हीच रेकॉर्ड करा. फोन घुमटाच्या तोंडासमोर धरू नका, आवाज फुटतो. दहा-बारा हात लांब, खांबाला टेकवून, म्हणणाऱ्यांच्या बाजूला ठेवा. शामेळाचा, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या नगाऱ्याचा, आवाज कसाही पोचतो, कांसाळं, म्हणजे झांज, मात्र फोनच्या जवळ असलं तर बाकी सगळं गिळून टाकतं. पंखा बंद करा, वाड्यावर कोणी ऐकणार नाही, तरी सांगा. मग फाईलला नीट नाव द्या : आरती कोणती, वाडा कोणता, साल, म्हणणाऱ्यांपैकी थोरल्याचं नाव त्यांना विचारून. स्वतःच्या फोनमधली अशी फाईल स्पॉटिफायमध्ये ‘लोकल फाईल्स’ म्हणून दिसू शकते, बाकीच्या गाण्यांच्या रांगेत तीही बसते.

आमच्याकडे लोक अशा घरच्या कॅसेटी घेऊन यायचे, दुसरी प्रत काढून द्या म्हणून. न्यायला विसरलेल्या नऊ अजून माझ्या कपाटात आहेत. एकीवर बॉलपेनने लिहिलंय, ‘चवथ, रात्रीची, बी साइड कोरी’. गावाचं नाव नाही. आवाज ऐकून पेडण्याकडची वाटते, मधे एक बाई ‘पेटी आण रे’ म्हणून ओरडते. तुमच्या वाड्यावर कोणाला ओळखू आली तर कळवा, मी पाठवते.