ख्रिस्ती धर्मानुसार देवाचं प्रेम सगळ्यांना सारखंच मिळतं का?

प्रेम सगळ्यांवर आहे, पण ते तराजूने तोलून वाटलेलं नाही.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (5:45) येशू म्हणतो, देव चांगल्या-वाईट दोघांवरही सूर्य उगवू देतो, पाऊस पाडतो. इथवर फारसा वाद नाही. खरी गंमत मत्तयाच्या 20व्या अध्यायात आहे. तिथे येशू एक दाखला, म्हणजे बोधकथा सांगतो. द्राक्षमळ्याचा मालक सकाळपासून मजूर आणत राहतो, शेवटचे तर संध्याकाळी पाचच्या सुमारास, आणि मजुरी सगळ्यांना एकच दिनार, म्हणजे पूर्ण दिवसाचा रोज. दिवसभर उन्हात राबलेले साहजिकच कुरकुरतात. पुण्यात वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी जाऊन बघा. धडधाकट गडी आधी उचलले जातात. उन्हं चढली तरी डब्याची पिशवी धरून ताटकळतात ते म्हातारे. दाखल्यातले शेवटचेही हेच सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. मला विचाराल तर मालकाने तास मोजलेच नाहीत, घरची चूल बघितली.

आता अवघड भाग. बायबलमधलंच रोमकरांस पत्र 9:13 म्हणतं, देवाने याकोबावर प्रेम केलं, त्याच्या जुळ्या भावाचा, एसावाचा द्वेष केला. यावरून धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेतले लोक निवडलेल्यांवर देवाचं विशेष प्रेम आहे असं मानतात. धर्मोपदेशक वेस्लीच्या वाटेने जाणारे मेथडिस्ट पंथाचे लोक योहान 3:16 (देवाने जगावर एवढी प्रीती केली...) पुढे करतात, कृपा सर्वांना खुली म्हणतात. (आमच्याकडे हा वाद प्रार्थनेनंतरच्या चहावर रंगतो आणि चहाबरोबरच संपतो.) पण याकोब-एसावाचं ते वचन मुळात जुन्या करारातल्या मलाखी संदेष्ट्याचं आहे, आणि मलाखी तिथे त्या दोघांच्या वंशजांबद्दल, म्हणजे इस्राएल व अदोम या दोन राष्ट्रांबद्दल बोलतोय. म्हणून एकेका माणसाला ते चिकटवायला मी तरी धजावत नाही.