दोरावर अधांतरी टांगण्याची जपानी कला घरी एकट्याने शिकावी की जोडीदारासोबत?

आपण ठाण्यात राहता, शिबारी या जपानी दोरबांधणीतले अधांतरी टांगणे शिकण्याची आपली इच्छा आहे आणि पत्नीचीही त्याला मनापासून तयारी आहे. मात्र तिला इजा होऊ नये म्हणून आधी काही महिने स्वतःलाच बांधून एकट्याने सराव करावा आणि हात बसला की मग तिला टांगावे, असे आपण लिहिले आहे. दिवाणखान्यात झोपाळ्याची कडी आहे, ती पुरेल का, हेही विचारले आहे. आपल्या प्रश्नामागची काळजी मला कळते, पण त्यातला क्रम उलटा आहे. स्वतःला टांगून घेणे ही या कलेची पहिली पायरी नाही, आणि खोलीत दुसरे जाणते माणूस नसेल तर ते कोणत्याच पायरीवर करू नये.

मी लहानपणी ठाण्यातल्या एका व्यायामशाळेत सहा वर्षे दोरीचा मल्लखांब केला आहे, त्यामुळे दोराची भीती मला कधीच नव्हती. पण दोरीच्या मल्लखांबात दोरीला एकही गाठ नसते. पेशवेकालीन मल्लखांबगुरू बाळंभट्टदादा देवधरांच्या परंपरेतून आलेल्या या विद्येत मुलगी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी धरते, तिचे वेढे स्वतः घेते आणि स्वतःच सोडवते. पकड सैल केली की ती खाली घसरते, खाली गादी असते आणि बाजूला गुरुजी उभे असतात. शिबारीत दोर माणसाला धरतो, माणूस दोराला धरत नाही. या बांधणीचे मूळ होजोजुत्सु या कैद्यांना जखडण्याच्या जुन्या जपानी विद्येत आहे. इतो सेइउ (१८८२–१९६१) या चित्रकाराच्या काळापासून तिला आजचे कलारूप येत गेले, तरी हात पाठीमागे बांधण्याच्या ‘ताकातेकोते’ या बांधणीत शरीराच्या सोयीपेक्षा जखडण्याचा विचार आधी झाला होता, हे विसरून चालत नाही.

एकट्याने टांगून घेणाऱ्याचा हिशोब असा असतो की, हात मोकळे आहेत, त्रास झाला तर गाठ सोडून खाली येईन. ही गाठ मात्र सोडायची असते ती अंगाचा सगळा भार तिच्यावर असताना, आणि भाराखाली तागाची गाठ इतकी आवळते की ताजी बोटेसुद्धा तिला दाद देत नाहीत. उभ्या स्थितीत पाय न हलवता लटकत राहिले तर रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतच भोवळ येऊ शकते. जमिनीवर भोवळ आली तर माणूस आडवा होतो आणि मेंदूला पुन्हा रक्त मिळते, दोरावर तो आडवा होऊच शकत नाही. त्यात एखादा वेढा सरकून गळ्याशी आला तर शुद्ध हरपायला काही सेकंद पुरतात. अशा वेळी शेजारच्या खोलीतले माणूसही उपयोगाचे नाही. म्हणून मानेभोवती, मानेवरून किंवा मानेजवळून भार घेणारा दोर नको, हा नियम जोडीदार असतानाही तितकाच कडक आहे.

आता जोडीदारासोबतच्या धोक्याविषयी सविस्तर लिहिते, कारण तो मी स्वतः भोगला आहे. नवखी माणसे दोर तुटण्याला घाबरतात. दोर तुटतोही, पण त्यापेक्षा फार अधिक वेळा इजा होते ती मज्जातंतूला, आणि ती मुकाट्याने होते. चार वर्षांपूर्वी माझ्या यजमानांनी मला बांधले होते. दंडावरचा खालचा वेढा त्यांनी योग्य जागी घातला होता, पण भार आल्यावर तो जेमतेम दोन बोटे खाली सरकला. मला वेदना नव्हती, मुंग्याही नव्हत्या. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी थोडे गार वाटले एवढेच. बांधणी सुरेख झाली होती, ती मोडू नये म्हणून मी बोलले नाही. साताठ मिनिटांनी मला खाली घेऊन दोर सोडला तेव्हा उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता. मूठ वळत होती, पण पंजा वर उचलता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाव्या हाताने चहाचा कप धरला आणि पदराची पिन यजमानांनी लावून दिली. अस्थिरोगतज्ज्ञांना आम्ही खरे कारण सांगितले, ते अवघड होते, पण त्यामुळेच निदान पटकन झाले. मनगटाला आधाराची पट्टी, व्यायाम आणि वाट पाहणे एवढाच उपचार होता. नऊ आठवड्यांनी हात पूर्ववत झाला. तंतूचे फक्त आवरण दुखावले तर काही आठवड्यांत तो सावरतो, पण आतला धागा तुटला तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो, म्हणजे दंडापासून मनगटापर्यंत पोहोचायला महिनेच्या महिने लागतात, आणि कधीकधी तो पुरता भरूनही येत नाही.

त्या दिवशी दबला तो रेडियल तंतू. तो दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून कोपराच्या वर बाहेरच्या बाजूला येतो आणि तिथे हाड व दोर यांच्यामध्ये अगदी थोडे मांस असते. दंडावरचे वेढे ज्या पट्ट्यात येतात, नेमका तोच हा पट्टा. कोपराच्या आतल्या बाजूचा अल्नर तंतू दबला तर करंगळी बधिर होते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या टोकाशी दोर रुतला तर पाऊल वर उचलता येत नाही. प्रत्येकाच्या शरीरात या तंतूंची वाट थोडी वेगळी असते, त्यामुळे एकीला मानवलेली जागा दुसरीला मानवेलच असे नाही. केवळ ‘बरे वाटते ना?’ असे विचारणे पुरत नाही. आम्ही आता दर मिनिटाला तीन हालचाली करून पाहतो: पंजा मनगटातून वर उचलणे, बोटे फाकवणे, आणि अंगठा व तर्जनीचे टोक जुळवून गोल करणे. यातली एक जरी आदल्या मिनिटापेक्षा कमजोर वाटली तर कारण न शोधता खाली. हात निळसर होणे किंवा सगळा हात जड होणे हे बहुधा रक्ताभिसरणाचे असते आणि त्याला थोडी सवड मिळते. ठरावीक बोटांतली बधिरता किंवा ताकद जाणे हे तंतूचे असते, तिथे सवड नाही. जुने खांद्याचे दुखणे, मधुमेह, गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हे सगळे दोर हाती घेण्याआधी बोलून घ्यावे. दोघांपैकी कोणी मद्य घेतले असेल तर त्या दिवशी दोर काढूच नये.

शिकण्याचा क्रम म्हणाल, तर निदान सहा महिने जमिनीवर. चित्रफितीत वेढ्यांची आकृती दिसते, ताण दिसत नाही, आणि सगळी विद्या त्या ताणात आहे. म्हणून प्रत्यक्ष शिकवणारे माणूस शोधा आणि त्यांना पहिला प्रश्न हा विचारा की, आपल्या हातून आजवर कोणाला काय इजा झाली. जे म्हणतील की कधीच नाही, त्यांच्याकडे मी तरी जाणार नाही. आपण स्वतः बांधून घ्या, पत्नीला बांधू द्या. बांधून घेतल्याशिवाय ताण कळत नाही, आणि आपली एकट्याच्या सरावाची मूळ इच्छा जमिनीवर स्वतःच्या मांडीला, पोटरीला बांधून सुरक्षितपणे भागते. त्यानंतर एक पाय जमिनीवर टेकलेला ठेवून दुसरा उचलणे, मग गादीवर कमरेच्या आधाराने थोडे वर घेणे, आणि बऱ्याच काळाने पूर्ण टांगणे, तेही जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर. उलटे टांगणे पहिल्या वर्षात मनातही आणू नका.

कडीविषयी. झोपाळ्याची कडी स्लॅबच्या सळईत अडकवून ओतलेली आहे की नंतर भोक पाडून बसवलेली, हे खालून कळत नाही. झोपाळ्याचा भार चार कड्यांवर वाटला जातो, येथे तो एकीवर येतो आणि माणूस हलला की झटक्याचा भार मूळ वजनापेक्षा बराच जास्त होतो. ठाण्याला खाडीची दमट, खारी हवा आहे. जुन्या इमारतींच्या स्लॅबमधली सळई गंजून फुगते आणि प्लास्टर सुटते, हे आपण आसपास पाहिले असेल. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून जागा दाखवा आणि शंका असेल तर छत सोडून स्वतंत्र पोलादी चौकट घ्या. पंख्याच्या हुकाला हात लावू नका. दोन कड्यांत भार वाटायचा झाला तर दोरांमधला कोन अरुंद ठेवा, कारण तो १२० अंश झाला की प्रत्येक दोरावर पुन्हा पूर्ण वजनच येते. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची उघडझाप होणारी कडी, गिर्यारोहणाचा, भारक्षमतेचा किलोन्यूटनमधला आकडा कोरलेला घ्या; हार्डवेअरच्या दुकानातला किल्ल्यांच्या जुडग्यासारखा नको. मुंब्र्याच्या कड्यांवर प्रस्तरारोहणाचा सराव करणाऱ्यांकडून दोर बांधण्याची आणि भार वाटण्याची शिस्त शिकता आली तर अवश्य शिका, ती येथे जशीच्या तशी कामी येते.

दोर सहा मिलिमीटर जाडीचा, सात-आठ मीटर लांबीचा, तागाचा वापरतात. बाजारातली सुतळी किंवा सामान बांधायचा काथ्या चालत नाही. प्रत्येक वेळी दोर बोटांतून ओढून पाहा. पेड सैल झाला असेल किंवा एखादी जागा चपटी लागली तर तो दोर फक्त जमिनीवरच्या कामाला ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे ताग ओल धरतो आणि आतून कुजतो, वरून मात्र चांगला दिसतो. आम्ही जून ते सप्टेंबर टांगण्याचे काम बंद ठेवतो.

आणि कात्री. औषधांच्या दुकानात बँडेज कापायची, खालचे टोक बोथट असलेली कात्री मिळते, ती टांगणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर हवी. तिने भार असलेला वरचा दोर सरसकट कापायचा नसतो, नाहीतर माणूस डोक्यावर पडेल. आधी अंगाला खांदा किंवा मांडीचा आधार द्यायचा, मग कापायचे. दोर महाग असतो म्हणून कापायला हात धजत नाही, असे माझ्या यजमानांचे पहिल्यांदा झाले होते. तेव्हा पहिला दोर घ्याल त्याच दिवशी त्याचा एक तुकडा दुहेरी करून त्याला तांदळाचे पोते टांगा, पत्नीला घड्याळ धरायला सांगा आणि पोत्याला आधार देऊन तो कापून पाहा. आमच्या स्वयंपाकघरातल्या कात्रीला त्याला अर्धे मिनिट लागले होते.