वृद्धांची शुद्ध वारंवार हरपते तेव्हा

देवगडच्या आसपासच्या वाड्यांतून ‘आजोबांना परत चक्कर आली’ असे सांगत माणसे तुमच्या आरोग्य केंद्रात येतील, तेव्हा ‘अशक्तपणा’ लिहून सलाईन लावण्याची घाई कृपया करू नका. ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याच्याकडूनच आधी ऐका. मुलगा मुंबईला असेल, तर शेजारणीला बोलावून घ्या. चेहरा पांढराफटक पडला होता का, जिभेची कड चावली गेली का आणि पूर्ण भानावर यायला किती वेळ लागला, यावरून फेफरे की मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर घटणे, याचा बराच उलगडा होतो. हातपाय थोडे झटकले, एवढ्यावरून फेफरे ठरत नाही.

मग औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा. एका आजोबांच्या पिशवीत मला रक्तदाबाच्या एकाच औषधाच्या, वेगवेगळ्या नावांच्या दोन पट्ट्या सापडल्या, शिवाय प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, जी उभे राहताना रक्तदाब उतरवू शकते. पहाटे लघवीला उठले की ते पडवीच्या पायरीवर कोसळत. रक्तदाब पाच मिनिटे निजवून आणि नंतर उभे करून तीन मिनिटांपर्यंत मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर कारण बहुधा हाती लागले.

ईसीजी प्रत्येकाचा काढाच. निजलेले असताना किंवा घाटी चढताना शुद्ध गेली असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवा. एका दिवसाचे होल्टर, म्हणजे अंगावर यंत्र लावून केलेली हृदयाच्या लयीची सलग नोंद, निर्दोष आले तरी निश्चिंत होऊ नका, कारण महिन्यातून एकदा बिघडणारी हृदयाची लय त्या 24 तासांत सापडेलच असे नाही.