मुख्य पान उघडतं, पण आतला प्रत्येक लेख '४०४' : वर्डप्रेस पुन्हा बसवू का?

तिसऱ्यांदा बसवू नका. तुमचं वर्डप्रेस ठणठणीत आहे आणि लेखही डेटाबेसमध्ये सुखरूप आहेत.

तुम्ही लिहिलंय ते असं: उबुंटूचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला, त्यावर अपाचे (मागितलेलं पान पाठवणारा वेब सर्व्हर) आणि वर्डप्रेस स्वतः बसवलं. मुख्य पान दिसतं, अ‍ॅडमिनमध्येही जाता येतं. परमालिंक, म्हणजे लेखांच्या पत्त्यांची पद्धत, 'पोस्ट नेम' केल्यापासून मात्र कुठलाही लेख उघडला की 'नॉट फाउंड'. दोनदा सगळं पुसून पुन्हा बसवलं, तरी तेच. तेच होणार, कारण दोष वर्डप्रेसच्या बाहेर, अपाचेच्या मांडणीत आहे आणि तिला तुम्ही दोन्ही वेळा हात लावलेला नाही.

४०४ दिसला की मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो: 'सापडलं नाही' हे नक्की कोण म्हणतंय? पांढऱ्या पानावर ठळक 'नॉट फाउंड', खाली एक वाक्य आणि तळाशी अपाचेची आवृत्ती नि पोर्टचा आकडा असेल, तर ते अपाचे बोलतंय. मागणी वर्डप्रेसपर्यंत पोचलेलीच नाही. उलट तुमच्या थीमचं शीर्षक, मेनू, शोधाची चौकट असं सगळं दिसून मध्ये 'पान सापडलं नाही' असेल, तर वर्डप्रेसपर्यंत मागणी पोचली आणि त्याला तो लेख मिळाला नाही. दोन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. तुमच्या वर्णनावरून तुमचं पहिल्या प्रकारातलं आहे.

वर्डप्रेसचा लेख म्हणजे डिस्कवरची फाइल नव्हे. पत्त्यात 'पहिला-लेख' दिसतं, पण सर्व्हरवर त्या नावाचं फोल्डर कुठेच नसतं. अ‍ॅडमिनचं फोल्डर खरोखर असतं, म्हणून ते उघडतं. मुख्य पानासाठी 'इंडेक्स डॉट पीएचपी' ही फाइल असते, म्हणून तेही उघडतं. बाकी पत्त्यांसाठी अपाचेला कुणीतरी सांगावं लागतं की बाबा रे, या नावाची फाइल नसेल आणि फोल्डरही नसेल, तर मागणी 'इंडेक्स डॉट पीएचपी'कडे दे. हा निरोप वर्डप्रेस 'डॉट-एचटीअ‍ॅक्सेस' नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवतं.

तो वाचून अमलात आणायला अपाचेला दोन गोष्टी लागतात: 'रीराइट' हे मॉड्यूल चालू हवं आणि त्या फोल्डरमधली 'डॉट-एचटीअ‍ॅक्सेस' वाचायची परवानगी हवी. उबुंटूवर सुरुवातीला दोन्ही नसतात. मॉड्यूल बंद असताना चूकही दिसत नाही, कारण वर्डप्रेसचे नियम 'मॉड्यूल असेल तरच' अशा कंसात असतात. ते गुपचूप वगळले जातात. म्हणून माणूस तासन्‌तास भलतीकडेच शोधत बसतो.

'आधी तर चालत होतं' असं वाटण्यामागेही कारण आहे. ४.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, वर्डप्रेस बसतानाच स्वतः तपासून बघतं की सुटसुटीत पत्ते या सर्व्हरवर चालतात का. नाही चालले तर निमूट साधे पत्ते ठेवतं. तुम्ही हाताने 'पोस्ट नेम' निवडलंत आणि झाकलेली अडचण उघडी पडली. खात्री करायची तर 'सेटिंग्ज'मध्ये 'परमालिंक्स'ला जाऊन तात्पुरतं 'प्लेन' निवडा. लेख लगेच उघडतील.

आता चाचणी. परमालिंक परत 'पोस्ट नेम' करा, 'डॉट-एचटीअ‍ॅक्सेस'ची एक प्रत बाजूला ठेवा आणि मूळ फाइलच्या अगदी वरच्या ओळीत 'अबकड' असलं काहीतरी निरर्थक लिहून सेव्ह करा. पान पुन्हा उघडा. '५०० इंटर्नल सर्व्हर एरर' आला तर आनंद माना: फाइल वाचली जातेय, म्हणजे परवानगी आहे, मॉड्यूल किंवा नियम तपासा. काहीच बदललं नाही, तोच ४०४, तर अपाचे त्या फाइलकडे बघतसुद्धा नाहीये. निरर्थक ओळ लगेच काढून टाका. मिनिटभराची ही चाचणी मला आजवर कुठल्याही प्लगइनपेक्षा जास्त उपयोगी पडलेली आहे.

उपाय असा. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमन अक्षरांतच टाइप करा.) आधी मॉड्यूल चालू करायला 'सुडो ए२एनमॉड रीराइट'. मग 'इटीसी'मधल्या 'अपाचे२' फोल्डरमधली 'अपाचे२ डॉट कॉन्फ' उघडा. तिथे 'डिरेक्टरी'चे तीन कप्पे दिसतील: एक नुसत्या तिरक्या रेघेचा, एक 'यूएसआर-शेअर'चा, एक 'व्हार'मधल्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'चा. फक्त तिसऱ्यात 'अलाऊओव्हरराइड नन'चं 'अलाऊओव्हरराइड ऑल' करा. पहिल्या कप्प्याला हात लावू नका, तो अख्ख्या डिस्कचा आहे. 'अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट' चालवून 'सिंटॅक्स ओके' आलं की अपाचे रीस्टार्ट करा. शेवटी 'परमालिंक्स' पानावर काहीही न बदलता 'सेव्ह चेंजेस' दाबा. त्याने नियम नव्याने लिहिले जातात. 'डॉट-एचटीअ‍ॅक्सेस' लिहायचा हक्क वर्डप्रेसला नसेल, तर त्याच पानाच्या तळाशी नियम दाखवले जातात, ते हाताने चिकटवा.

एवढं करूनही जमलं नाही तर एचटीटीपीएस तपासा. इथे मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. आमच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाचं संकेतस्थळ मी बसवून देत होतो. स्मरणिका छापायला गेली होती आणि तिच्यात आतल्या एका पानाचा पत्ता होता, त्यामुळे जिवाला घोर. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र सर्टबॉट या साधनाने आधीच घातलेलं होतं. परवानगीची ओळ मी त्या संकेतस्थळाच्या व्हर्च्युअल होस्टच्या (अपाचेत त्या एका संकेतस्थळापुरत्या मांडणीच्या) फाइलमध्ये लिहिली, दहा वेळा रीस्टार्ट केलं, ४०४ हलेना. शेवटी पानाच्या तळाशी त्या बारीक ओळीकडे लक्ष गेलं. तिथे 'पोर्ट ४४३', म्हणजे एचटीटीपीएसचं, लिहिलेलं होतं आणि मी बदलत होतो ती फाइल ८०ची, साध्या एचटीटीपीची! सर्टबॉट एचटीटीपीएससाठी वेगळी फाइल तयार करतं, नावाच्या शेवटी 'एलई-एसएसएल' असलेली. तीच ओळ तिथे घातली आणि पान उघडलं. तेव्हापासून मी आधी 'अपाचे२सीटीएल'ला उणे चिन्ह आणि कॅपिटल 'एस' देऊन चालवतो. कोणतं नाव, कोणत्या पोर्टवर, कोणत्या फाइलमधून चाललंय याची यादीच समोर येते.

तुमचा ४०४ थीमच्या पोशाखातला असेल, तर वरचं काही करू नका. 'सेव्ह चेंजेस' दाबून बघा, लेख अजून मसुद्यात तर नाही ना ते बघा, प्लगइन एकेक करून बंद करा.

मराठीत लिहिणार असाल तर आणखी एक. शीर्षक देवनागरीत असलं की वर्डप्रेस त्याचा पत्ताही देवनागरीतच करतं, आणि साठवताना प्रत्येक अक्षराची, काना-मात्रा-अनुस्वारासकट प्रत्येक चिन्हाची, टक्क्याची खूण, आकडे नि रोमन अक्षरं मिळून नऊ-नऊ अक्षरं होतात. पत्त्याच्या या भागाला मर्यादा २०० ची, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. लांब शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो, आणि तो लांबलचक टक्क्यांचा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना कुणी अर्धाच कॉपी केला की समोरच्याला ४०४ मिळायची शक्यता असते. प्रकाशित करण्याआधी पत्ता रोमन अक्षरांत, छोटा, हाताने द्या. शीर्षक मराठीच राहतं, त्याला काही होत नाही.

अपाचेऐवजी एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर असता तर 'डॉट-एचटीअ‍ॅक्सेस'चा काहीच उपयोग नव्हता, ते ती फाइल वाचतच नाही. तिथे 'ट्राय-फाइल्स'ची ओळ मुख्य मांडणीत घालावी लागते.

लेख सेव्ह करताना 'रिस्पॉन्स वैध जेसन नाही' अशा अर्थाचा निरोप येत असेल, तर बहुधा तोही याच दुखण्यातला आहे. वर्डप्रेसचा एडिटर (लेख लिहायची चौकट) ज्या पत्त्यावर लेख पाठवतो तोही डिस्कवर नसतो. वरच्या उपायाने तोही जायला हवा.

तरीही अडलं तर लेख उघडून बघताना अपाचेच्या 'अ‍ॅक्सेस डॉट लॉग' या नोंदवहीत उमटलेली ओळ आणि त्या 'एस'वाल्या आज्ञेची यादी, आयपी पत्ता खोडून, इथे खाली टाका. मी बघून सांगतो.